अविवेक : वाक्यात उपयोग

...नाही पण तुम्हीच सांगा, निघत्या माणसाला कुणी शब्दाचा अर्थ विचारतं का ओ? तोही मांडवीच्या बंदरावर, एकतीस सालची पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट समोर धूर सोडत उभी असताना! गंगाराम मास्तर मला पोचवायला आले होते. शाळेतल्या मुलांसाठी शब्दांची वही करतायत. म्हणाले, "भागोजी, तू पोथ्या वाचतोस, जाता जाता 'अविवेक' तेवढा सांगून जा. अर्थ आणि वाक्यात उपयोग."

तुम्हाला सांगतो, आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात टाकलेला पाय मी मागं घेतला! तुळसा, म्हणजे माझी बायको, आत बसलेली, पेटी आत, मुंबईला मेव्हण्यानं, केरूनं, छापखान्यात जागा बघून ठेवलेली, सोमवारी हजर व्हायचं... आणि मी शब्दाच्या मागं! आता याला काय म्हणायचं?

म्हटलं, मास्तर, मूर्खपणा निराळा. मूर्खाला मुळात कळतच नाही. अविचारी माणूस थांबतच नाही. पण अविवेकी... त्याला सगळं कळतं, तो थांबतोसुद्धा, फक्त नको तिथं! पोथीतला राजा बघा, फासे टाकायच्या आधी घटकाभर थांबतो, आणि मग टाकतोच... आणि काय वारा सुटला होता सांगू! उतरतं ऊन पाण्यावर पसरलेलं, होड्या जागच्या जागी झुलतायत, एकेक ओवी आठवतेय, डोळे आपोआप मिटतायत...

मुसा तांडेल ओरडतोय, "चला, शेवटचा पडाव! बोट थांबायची नाय!" तुळसा ओरडतेय, "अहो! अहोऽऽ!" नवऱ्याचं नाव कसं घेणार? बंदरावरचे वीस नवरे वळून बघतायत, एकटा मी सोडून! याला काय म्हणायचं?

पडाव सुटला. गुडघाभर पाणी होतं हो, धावलो असतो तर मिळाला असता! तेवढ्यात तुळसानं लाज सोडलीन आणि हाक मारलीन, "भागोजीऽऽ!"

अहाहा! बारा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! माझं नाव इतकं गोड आहे हे मला ठाऊकच नव्हतं... मग कोण धावतो? मी आपला उभा, आणखी एकदा घेईल म्हणून कान देऊन...

घेतलंन की! पण पुढं जे काय जोडलंन, ते मास्तरांच्या वहीत बसणारं नव्हतं.

आता नारळी पुनवेपर्यंत बोटी बंद. घाटानं मोटारीनं जा म्हणता? कशाला? केरूनं जागा दुसऱ्याला दिलीन. त्याचं कार्ड आलंय, "ताई श्रावणात परत येते म्हणते. नाव मात्र पुन्हा घेणार नाही म्हणते." घर कसं खायला उठतं ओ...

परवा मास्तर वही घेऊन दारात. "अर्थ लिहिला रे, उपयोग राहिला." करपलेली पेज ढवळत म्हटलं, लिहा मास्तर, वाक्यात माझंच नाव घाला... मुलं पाठ करतील तेव्हा तेवढं तरी कानावर पडेल.