मॅडमचं तिकीट

नाशिकहून निघालेल्या चांदवडच्या बसमध्ये दीपमाला खिडकीशी बसली होती. अंगणवाडीत ती मदतनीस होती. पुढच्या बाकावरच्या सासू-सुनेचं बोलणं तिच्या कानावर पडलं.

"छाया, ते पत्र परत वाच."

"आत्या, चौथ्यांदा वाचते आता. अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून निवड झाली."

"म्हंजी काय करायचं?"

"पंचवीस अंगणवाड्या बघायच्या. पोरांची वजनं, सेविकांचं शिकवणं, समदं."

"आन् तू तर मदतनीस व्हती. खिचडी शिजवायची."

"मग बाहेरून बीए केलं, सेविका झाले."

"तुझी पुस्तकं मी माळ्यावर फेकली व्हती गं."

"तुमीच तर खाली काढून दिली."

"लय उशिरा काढली."

"येळेवर काढली, आत्या. पेपर आठ दिवसांवर व्हता."

कंडक्टर आला.

"दोन चांदवड. एक म्हातारीचं, एक मॅडमचं."

"मॅडम कुठंयत?"

"ही काय! माझी सून!"

दीपमाला पुढे वाकली.

"ताई, मी पण मदतनीस आहे. बीएचा फॉर्म कुठं मिळतो?"

छायाच्या आधी सासूच बाकावर सरकली.

"ये, बस इथं. समदं सांगते."