रोडग्याचं प्रोजेक्ट मॅनेजमेंट

अन् वरून ऑफिसवाले म्हणते काय, खर्च कंपनीचा आहे, तुमाले जायले काय होते! अरे, खर्चाचं कोण बोलून राह्यलं? चोवीस वर्षं झाली मी गोदामं बांधून राह्यलो, आपल्या जिल्ह्यात कापसाचं असं एक बोंड नाई का ज्यानं माह्या पत्र्याखाली पावसाळा काढला नाई, अन् आता पन्नाशी उलटल्यावर मले पाठवते प्रशिक्षणाले! तीन दिवस! एक वही, एक पेन, पाण्याची बाटली, अन् गळ्यात माह्याच नावाचा पट्टा... म्हणजे मी वर्ध्यात हरवलो तर कोणी वाचून घरी आणून द्यावं का काय?

तुमाले सांगतो, मी जाणारच नव्हतो. पण आमचे मालक वासुदेवराव, फोनवर चार शब्द बोलणारा माणूस, त्यायनं त्या दिवशी पूर्ण वाक्य बोललं. म्हणाले, कारंज्याले संत्र्याचं पॅकिंग शेड मंजूर झालं, ज्याच्यापाशी सर्टिफिकेट त्याले ते काम.

आता कारंजा म्हणजे काय, ते समजून घ्या. कारंजा म्हणजे माहं घर. अन् मी सहा वर्षांपासून पुलगावले, भाड्याच्या खोलीत, स्वतःच्या हातचं वरण खाऊन राह्यलो... अन् माह्या हातचं वरण म्हणजे, एकदा खिडकीतून फेकलं तर खालच्या कुत्र्यानं वास घेतला अन् पोराबाळासकट गाव सोडलं. शनिवारी एसटी धरायची, आर्वीले गाडी बदलायची, रात्री घरी पोचायचं. बायको, उज्वला, दार उघडते अन् म्हणते, 'कोण पाहिजे?' गमतीनं म्हणते हो. पण हसायले आताशा थोडा जास्तच वेळ लावून राह्यली. तर स्वतःलेच म्हटलं, खुशालराव, पट्टा घाला गळ्यात, अन् चाला.

स्टेशनच्या पलीकडं एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल. चार ठेकेदारायनं मिळून ठेवलेलं प्रशिक्षण. आम्ही बावीस जण, सगळे साइटवर आयुष्य काढलेले, बावीस मिशा, त्यातल्या नऊ रंगवलेल्या. अन् शिकवायले कोण? जागृती मॅडम! वय तिशीच्या आतबाहेर. स्कूटीवर आल्या, हेल्मेट काढलं, त्यातच चावी टाकली, अन् आमच्याकडं असं पाह्यलं जसं तालुक्याचा डॉक्टर सोमवारची रांग पाहते. मी बाजूच्या नीलेशले म्हणलं, ही पोरगी आपल्याले काय शिकवन? आपण सिमेंट चाखून सांगतो कोणत्या महिन्याचं आहे!

पहिल्या दिवशी ओळखी. ज्यानं त्यानं आपलं आपलं मोठं काम सांगायचं. माहा नंबर आला. मी उठलो. म्हणलं, मॅडम, पुलगावले मी एक स्लॅब टाकला, इतका सपाट, इतका सपाट का त्याच्यावर गोटी ठेवली तर ती तीन दिवस जागची हलली नाई, कोणत्या अंगानं जावं हेच तिले समजेना. हॉल हसला. टाळ्या पडल्या. मॅडमनं वहीत काहीतरी लिहिलं, मान वर केली, अन् शांतपणे विचारलं,

'आणि चौथ्या दिवशी?'

चोवीस वर्षांत ती गोटी मी किमान दोनशे लोकायले सांगितली, चौथ्या दिवसाचं कोणीच विचारलं नव्हतं. मी बसलो. नीलेश म्हणते, भाऊ, चौथ्या दिवशी काय झालं? मी म्हणलं, चूप बस.

दुसरा दिवस रंगांचा. भिंतीवर मोठा तक्ता, अन् हातात तीन रंगांचे कागद. काम वेळेवर असन तर हिरवा लावा, अडखळत असन तर पिवळा, अडलं असन तर लाल. आपापल्या साइटचा रंग लावा म्हणाल्या. बावीस जण उठले, बावीस हिरवे. तक्ता असा दिसू लागला जसा श्रावणातला शेताचा धुरा! मॅडमनं तक्ता नीट पाह्यला. म्हणाल्या, आता साइटवर फोन लावा, स्पीकरवर. मी पुलगावले लावला. सुपरवायझरले विचारलं, सिमेंट आलं का? तो म्हणते, 'झालंच समजा.' मी म्हणलं, आलं का? म्हणते, निघालंच असन. तसे एकामागून एक बावीस फोन झाले, अन् त्यातले एकोणीस जण काय म्हणाले सांगू? झालंच समजा! एकानं तर साइटवर कोण बोलून राह्यलं हे सांगायच्या आधी म्हणलं, झालंच समजा!

मॅडमनं ते दोन शब्द फळ्यावर लिहिले, मोठ्या अक्षरात. आम्हाले वाटलं आता बसतात शिव्या. पण त्या म्हणाल्या का यात कोणीच खोटं बोललं नाई. आपल्याकडं समोरच्याले नाई म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं, म्हणून जो तो मान राखते. तुम्ही मालकाचा राखता, सुपरवायझर तुमचा राखते, सिमेंटवाला सुपरवायझरचा. मान सगळ्यांचा राहते, फक्त सिमेंट राहून जाते.

तुमाले सांगतो, मी वही बंद केली. हे मले चोवीस वर्षं माहीत होतं, पण असं धरून खुर्चीवर कोणी बसवलं नव्हतं हो!

अन् तिसऱ्या दिवशी परीक्षा. आम्ही रातभर पाठ करून राह्यलो, क्रिटिकल पाथ म्हणजे ते काम, जे अडलं का सगळंच अडते... अन् सकाळी मॅडम म्हणते, पेपर नाई. स्वयंपाक आहे. साठ माणसांचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. एक वाजता पंगत. चारही मालक जेवायले येणार, तेच सर्टिफिकेट वाटणार. चिठ्ठ्या टाकल्या, प्रोजेक्ट मॅनेजर कोण? चिठ्ठीत माहं नाव!

मी तर मनातल्या मनात कारंज्याचं शेड उभंसुद्धा केलं. रोडगे? आमच्या अंगणात चालायले शिकणारं लेकरू रोडगा कसा फिरवायचा ते सांगते! गव्हाच्या जाड्या पिठाचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे, झालं. अन् तीच तर पंचाईत. आपल्याकडं पुलावर इंजिनिअर एक असते, रोडग्यावर बावीस. पीठ मळायले दोन माणसं लावली, तर परातीभोवती चौदा! एक म्हणते मोहन जास्त पाहिजे, एक म्हणते ओवा, तिसऱ्यानं पिठाले हातही लावला नाई पण त्याच्या मामाचे रोडगे कसे होते यावर अर्धा तास घेतला. मी आपला कंबरेवर हात ठेवून. मुकेशले वांगे दिले, नीलेशले गोवऱ्या, कोणाले डाळ, कोणाले पत्रावळी, अन् सगळ्यायले विचारत फिरलो, काय जी, कसं काय? झालंच समजा, भाऊ. अकराले दहा कमी, अन् तक्त्यावर बारा कामांचे बाराच्या बारा कागद हिरवे. वरती माहं नाव.

अकराले मागच्या अंगणात गेलो. चर खणून तयार. गोळे तयार, दोनशे, फडक्याखाली. अन् गोवरी? एकही नाई! म्हणजे विस्तवच नाई! नीलेश चराच्या काठाले उभा, जसा बस गेल्यावर माणूस स्टॉपवर उभा राहते. मी म्हणलं, गोवऱ्या? तो म्हणते, झालंच समजा. मी म्हणलं, कोण म्हणलं? म्हणते, गुलाब गवळी. गुलाबले फोन लावला, तो म्हणते झालंच समजा, साळ्याचा टेम्पो निघाला. साळ्याले लावला, तो म्हणते टेम्पो दारातच आहे, झालंच समजा, पण त्यात गोवऱ्या भरायच्या कोणी, हे गुलाबले विचारून सांगा!

पाहा ना. तीन माणसं, तिघांनीही एकमेकांचा मान राखला, अन् मी उभा थंड्या चरापाशी. निखारे पडायले तास, रोडगे भाजायले तास, अन् मालक एक वाजता. नीलेश हळूच माह्या कानात म्हणते,

'भाऊ, बोलू नोका. येऊन जाईन. अन् नाईच आल्या, तर तुमच्यापाशी गोष्टीची काय कमी आहे?'

खरं होतं त्याचं. गोष्ट माह्या डोक्यात तयारही झालती. टेम्पोले सेलूच्या वळणावर रानडुक्कर आडवं आलं, डुकरीण होती, मागं सात पिल्लं, ड्रायव्हर खाली उतरून... अशी गोष्ट, का वासुदेवरावांनी भूक विसरून पिल्लांची विचारपूस केली असती! वर हॉलात गेलो, सांगायले तोंडही उघडलं. पण काय झालं, तुमाले सांगतो... स्लॅबमधली चूक पत्र्याखाली लपते. बिलातली चूक दुसऱ्या बिलात लपते. पण रिकाम्या पत्रावळीवर डुकरीण कशी वाढता, सांगा? मी तक्त्यापाशी गेलो. हिरवा काढला. लाल लावला.  कारंजा गेलं, म्हटलं. उज्वले, आणखी सहा वर्षं पुलगाव.

 मॅडम उठल्या, घड्याळ पाह्यलं.

'खुशालराव, आभारी आहे. अकरा दहाला कळलं. एक वाजता कळलं असतं तर मी काही करू शकले नसते. आणखी कोणाचं काही?'

अन् मंग जे झालं ते पाहायले पाहिजे होतं! मुकेश उठला, म्हणते माहे वांगे अजून वाडीतच आहे. डाळवाला म्हणते, डाळ भिजवली पण कुकरची शिट्टी घरी राह्यली. तूपवाला म्हणते, तूप आहे, पण ते... जाऊ द्या, लालच समजा. एकामागून एक सात कागद लाल! पहिल्याची लाज वाटते, नंतरच्यायले हिंमत येते.

अन् तेव्हा त्या मॅडमचं खरं रूप दिसलं. आवाज नाई चढला, कपाळाले आठी नाई. तीन दिवस शुद्ध बोलणारी बाई, पदर खोचला अन् सरळ आपल्या बोलीत आली. म्हणते, नीलेशभाऊ, ऑटो घ्या, गुलाबच्या घरी जा, अन् गोवरी डोळ्यानं पाह्यल्याशिवाय मले फोन नोका करू, फोटो पाठवा. गोळ्यांपाशी दोनच जण राहा, बाकीचे बारा वाडीत जा, वांगे आणा. बारा रोडगातज्ज्ञ एका शब्दात उठले हो! माह्या बापाच्यानं झालं नसतं. नीलेशनं फोटो पाठवले, गोवऱ्यांचा एक, टेम्पोत भरलेल्या गोवऱ्यांचा एक, चालत्या टेम्पोत गोवऱ्यांवर बसलेल्या स्वतःचा एक, अन् कारण नसताना गुलाबच्या म्हशीचा एक.

मंग मॅडमनं फोन माह्या हातात दिला. म्हणते, मालकाले तुम्हीच सांगा. मी म्हणलं, मॅडम, काही म्हणा, हे नाई. त्यायनं तक्त्यावरच्या लाल कागदाकडं बोट केलं. लावला. वासुदेवराव म्हणाले, बोला. मी म्हणलं, साहेब, जेवण उशिरा होते. किती? माह्या तोंडावर 'अर्धा तास' आलतं, आयुष्यभराची सवय... समोर मॅडमनं तीन बोटं वर केली. म्हणलं, तीन वाजतात, साहेब.   मंग म्हणाले, 'बरं.' अन् ठेवला.

पावणेतीनले रोडगे राखेतून निघाले, बाहेरून कडक, आतून पिवळसर, मऊ. तीनले मालक आले. वासुदेवरावांनी चार रोडगे खाल्ले, दर रोडग्याले तूप. हात धुतले, टॉवेलले पुसले, अन् सगळ्यांसमोर म्हणाले,

'तीस वर्षांत मले काम उशिरा होणार हे कोणी काम उशिरा व्हायच्या आधी सांगितलं नाई. आज घरून दोन पोळ्या खाऊन निघालो. कारंजा खुशालचं.'

टाळ्या! नीलेशची सगळ्यात मोठी. मॅडमच्या हातून सर्टिफिकेट घेतलं, तर त्या म्हणतात, चौथ्या दिवसाचं आता तुम्हीच सांगा. मी वाकून नमस्कार केला. पन्नाशीचा माणूस, तिशीची बाई, अन् मले जरासाही कमीपणा नाई वाटला, शपथेवर सांगतो, अन् ही शपथ खरी आहे.

इथंच थांबलं असतं तर काय बिघडलं असतं? पण वासुदेवराव गाडीपाशी गेले, वळले, म्हणाले, खुशाल, बाकी पाच साइटचा खरा रंग मले कोण सांगन? सोमवार पुलगाव, मंगळवार हिंगणघाट, बुधवार देवळी, गुरुवार आर्वी, शुक्रवार समुद्रपूर, शनिवारी वर्ध्याले मले भेटायचं. अन् कारंज्याचं शेड तर तुमच्या घराजवळच आहे, ते रविवारी पाहून घेजा. जमन ना?

अन् माह्या तोंडातून, तुमाले सांगतो, मॅडम दोन हाताच्या अंतरावर उभी असताना, सर्टिफिकेटची शाई ओली असताना, निघालं... झालंच समजा, साहेब.

मॅडमनं डोळे मिटून घेतले.

चार महिने झाले आता. परवाच्या रविवारी शेडवरून आठवड्यानं घरी आलो, दिवे लागले होते. उज्वलानं चहा ठेवला, समोर बसली, अन् पदरानं कप पुसत म्हणते,

'अहो, ती पुलगावची खोली रिकामीच आहे का पाहा ना. तवा तुम्ही शनिवारी तरी घरी येत होते.'