दादाचे दहा व्होल्ट

...आणि वर मलाच म्हणतात, "एक बटण तर दाबलं!" एक बटण! तुम्हाला सांगतो, दादाला पोचवून आम्ही नुकतेच परतलो होतो, आणि हे आमचे काका दादाच्या मीटर दुरुस्तीच्या दुकानात शिरून खटाखट बटणं बंद करत सुटले. "माणूस गेला, वीज कशाला जाळायची?"

त्यात दादाची डबी होती हो! आत नखाएवढी चिप. तिचं काम एकच, दहा व्होल्ट देणं. पावणेदहा नाही, सव्वादहा नाही... दहा! मास्तरांपुढे पोर उभं करावं तसा दादा प्रत्येक मीटर तिच्यापुढे उभा करायचा. ती कायम चालू, कायम कोमट. थंड पडली की आकडा केसभर सरकतो, आणि किती सरकला ते तिचं तिलाही कळत नाही! दुकान हलवलं तेव्हा बॅटरी जोडून ती दादाच्या मांडीवर, टेम्पोत पुढे. आणि वहिनी? मागे, कपाट धरून!

मी ओरडलो, तशी काकांनी ती परत चालू करून लगेच मीटर लावला. "हे बघ, दहाच दाखवतोय! रडतोस काय? एक बटण तर दाबलं!"

अहो काका, तो मीटर ढोबळ! आणि बारीक बघणारा मीटर बरोबर आहे की नाही, हे सांगणार कोण? हीच ना!

दवाखान्यात दादाचं श्वासाचं मशीन बंद करताना डॉक्टरांनी वहिनीला विचारलं, मला विचारलं, "घाई नाही, सावकाश सांगा" म्हणाले. हिच्या वेळी कुणी विचारलं? एक बटण तर दाबलं!

अशा डब्या तपासणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळेत फोन केला. साहेब म्हणाले, "पाठवून द्या, आजचा आकडा सांगतो."

"आजचा घेऊन काय करू? दादा होता तेव्हाचा सांगा."

"तो गेला."

फोनवर! "तो गेला!" असं सांगतात का कुणाला?

डबी परत चालू केलीय. पुन्हा कोमट लागते हाताला. मी हात ठेवून बसतो... जाऊ द्या. काल एक गिऱ्हाईक मीटर घेऊन आलं. "बघ रे, बरोबर आहे का?" लावला डबीला. दोघांचं जुळलं. म्हटलं, न्या, एकदम बरोबर आहे.

असणारच! 'चूक आहे' म्हणणारा होता, त्याला तर आम्ही पोचवून आलो.