तळघराची दुसरी वाट

सासरे : "कोंडलंय हो आत. हवेला अजून एक वाट द्या." याच पायरीवर उभी राहून म्हणायची ती. अजून कानात आहे.

सून : सासूबाई? मग दिली का नाही, बाबा?

सासरे : एक आहे की. छतात एवढा मोठा पाइप बसवलाय मी.

सून : एकाच पाइपातून हवा येणार की जाणार? अरुंद दारात दोघं समोरासमोर आले, की दोघंही अडतात. छताला हात लावून बघा.

सासरे : ओलं आहे.

सून : घाम आहे तो. बटाटेही श्वास घेतात, बाबा. गेल्या साली पोती कुजली ती या घामानं. आणि यंदा एक जरी कुजलं, तर तळघर बुजवून टाकतो म्हणालेत तुमचे चिरंजीव.

सासरे : एखादा पंखा लावू मग.

सून : आणि वीज? खिशातून काढणार? तार अजून ओढ्यापलीकडेच आहे. हा नवा पाइप धरा. समोरच्या कोपऱ्यातून खाली आणायचा, जमिनीपासून वीतभर वर सोडायचा. गार हवा जड, ती इथून उतरेल. उबदार हवा तुमच्या पाइपातून निघून जाईल. त्याला मी बाहेरून उंच केलंय, काळा रंग दिलाय. ऊन तापवेल, पाइप ओढेल.

सासरे : आणि उंदीर?

सून : दोन्ही तोंडांना जाळी. कडाक्याच्या थंडीत वरून झाकण. विचारा अजून.

सासरे : भलतीच ठाम आहेस. शिकलीस कुठे?

सून : वडिलांच्या वीटभट्टीवर. धुराची चाल चुकली की अख्खी भट्टी कच्ची राहायची. घ्या, बसला पाइप. ही सुतळी पेटवा. आता विझवा, नुसता धूर राहू दे. खालच्या तोंडाशी धरा.

(धूर जरा रेंगाळतो. मग जमिनीलगत सरकत पलीकडे जातो, भिंतीवरून चढतो आणि छताच्या पाइपात शिरतो.)

सासरे : गेला.

सून : जाणारच. संध्याकाळी ह्यांनाही दाखवते. दरवर्षी मला बजावतात, "आईसारखे ओले बटाटे भरू नकोस, तिच्या हातून नेहमी कुजायचे."

सासरे : जरा ही सुतळी धर.

सून : काय झालं?

सासरे : आठ-आठ दिवस सावलीत वाळवायची ती. मग एकेक हातात घेऊन, उलटसुलट बघून, तान्ह्या पोरासारखा खाली ठेवायची. ओला एकही नसायचा.

सून : मग ओल्याचं ह्यांना सांगितलं कोणी?

सासरे : मी. पाइप चुकलाय म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं.