बहिणीचे बोलणे बदलून सांगितल्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय ५२ वर्षे, काम बस स्थानकावर गाड्यांच्या सूचना देणे, राहणार पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला. समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते, की

वरील पत्त्यावर सध्या मी आणि माझी धाकटी बहीण अशा दोघी राहतो. बहीण जन्मापासून बहिरी आहे. तिला बोलता येते, ती हातांनी बोलते. लिहिण्यावाचण्यात तिची मजल स्वतःची सही आणि दुकानांच्या पाट्या एवढीच आहे. माझा आवाज दिवसभर सगळे गाव ऐकते आणि घरी आल्यावर मी तोंड बंद ठेवते. आमची भांडणेसुद्धा हातांनीच होतात आणि त्यात बहुतेक वेळा तीच जिंकते.

बहिणीचा नवरा गाड्या दुरुस्त करतो. त्याला ऐकू येते. लग्नाला इतकी वर्षे झाली, तरी हातांची भाषा तो पाचसहा शब्दांपुरतीच शिकला. त्यातला एक शब्द 'गप्प' हा आहे. बहिऱ्या बायकोला गप्प बसवण्याची गरज कोणाला पडते, हे साहेबांनीच समजून घ्यावे.

माझी तक्रार ज्यांच्याविरुद्ध आहे त्या बाई दुभाषांच्या परिषदेच्या सभासद आहेत. आमच्या गावात परिषदेच्या यादीवर त्या एकट्याच आहेत. त्यांचे आईवडील दोघेही बहिरे होते, त्यामुळे त्यांचे हात जिभेच्या आधी बोलायला लागले असे लोक म्हणतात. सगळे त्यांना ताई म्हणतात. त्यांच्या हनुवटीवर तीळ आहे, म्हणून माझी बहीण त्यांचे नाव हनुवटीला बोट लावून घेते. बहिणीच्या लग्नात दोन्ही घरांच्या मध्ये उभे राहून त्यांनीच सगळे समजावून सांगितले होते. मला त्यांच्याबद्दल आदर होता. तो खरा होता, म्हणूनच आता राग आवरत नाही.

गेल्या हिवाळ्यात नवऱ्याने बहिणीला जिन्यावरून ढकलले. कपाळाला टाके पडले. मी तिला घेऊन याच पोलीस ठाण्यात आले. नात्यातल्या माणसाने दुभाषाचे काम करू नये असा नियम आहे, असे मला सांगण्यात आले. नियम योग्य आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. ताईंना बोलावले आणि मला काचेच्या बाहेर बाकावर बसवले.

काचेतून मला बहिणीचे हात दिसत होते. 'त्याने ढकललं. पहिल्यांदा नाही. मला परत तिथे पाठवू नका.' तिने हे दोनदा सांगितले. ताईंची माझ्याकडे पाठ होती. त्या तोंडाने काय सांगत होत्या ते काचेतून ऐकू येत नव्हते. हवालदार लिहीत होते. शेवटी लिहिलेले वाचून दाखवले आणि ताईंनी ते हातांनी बहिणीला सांगितले. तेही मला दिसले नाही, फक्त बहीण मान हलवताना दिसली. तिने सही केली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, 'सगळं लिहिलंय. आता तो हात लावायचा नाही.' मी तिला माझ्याकडे राहायला सांगितले. ती म्हणाली, 'आता कागद माझ्या बाजूने आहे.' आणि ती आपल्या घरी गेली.

त्यानंतर काही दिवसांनी शेजारणीचा मला कामावर फोन आला. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा बहिणीच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्ट्या होत्या. डॉक्टरांनी ताईंना बोलावून घेतले होते. या वेळी मध्ये काच नव्हती. मी खाटेपाशी उभी होते. बहीण डाव्या हाताने, अडखळत सांगत होती, 'त्याने माझा हात दाराच्या फटीत घातला आणि दार लावलं.' ताईंनी तोंडाने डॉक्टरांना सांगितले, "वाऱ्याने दार आपटलं, त्यात हात सापडला."

बहिणीचे हात आणि ताईंचे तोंड मला एकाच वेळी कळले ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी डॉक्टरांना तिथल्या तिथे खरे काय ते सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, ताईंकडे पाहिले आणि खाली मान घालून म्हणाले, "तुम्ही नातेवाईक आहात. दुभाषा या आहेत."

मी ताईंना व्हरांड्यात गाठले. आमचे बोलणे मला आठवते तसे सांगते.

मी विचारले, "जिन्याच्या वेळी पोलिसांना काय सांगितलंत?"

त्या म्हणाल्या, "पाय घसरला, असं मी सांगितलं. अगं, संसार मोडायला एक वाक्य पुरतं. मी ते जरा मऊ केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

मी विचारले, "आणि तिला काय वाचून दाखवलंत?"

"तिला जे ऐकायचं होतं ते. तिचंही समाधान झालं. आणि मी त्यालाही फोन केला होता. म्हटलं, बायको पोलिसांत जाऊन आली, मी सांभाळून घेतलंय, आता तरी नीट वाग."

मी म्हणाले, "ताई, हात तुमचे, तोंड तुमचं. वाक्य तिचं होतं."

त्या रडल्या. मी रडले नाही. रागात माणसाला रडू येत नाही, हे मला त्या दिवशी समजले. माझ्या बहिणीची मूठ आता झाकतही नाही आणि उघडतही नाही. बाटल्यांना लेबले लावायचे तिचे काम सुटले आहे. ती हातांनी बोलते तेव्हा निम्मे शब्द अर्धवट राहतात. पूर्वी मला तिचे बोलणे पाठमोऱ्या सावलीवरूनही कळायचे. आता समोर बसून पुन्हा विचारावे लागते आणि ती चिडते.

मी परिषदेकडे वर्तणुकीची तक्रार केली. दुभाषाने पदरचे घालू नये, गाळू नये, बदलू नये आणि तिथले बोलणे बाहेर सांगू नये, असे परिषदेच्याच कार्यालयात भिंतीवर लावलेले आहे. त्याच भिंतीखाली बसून तिथल्या गृहस्थांनी मला विचारले, "त्यांनी वेगळं सांगितलं याला साक्षीदार कोण?" मी म्हणाले, मी स्वतः आणि माझी बहीण. ते म्हणाले, "तुम्ही नातेवाईक, तुमचं धरता येत नाही. मग बहिणीची साक्ष घ्यावी लागेल. त्यासाठी दुभाषा लागेल." आणि यादी उघडून त्यांनी त्यातले एकुलते एक नाव मला वाचून दाखवले. मी हसले. दुसरे काय करणार? बाहेरगावचा दुभाषा हवा असेल तर आधी पोलिसांत जबाब द्या, असे त्यांनी सांगितले, म्हणून मी आज आले आहे.

माझी तक्रार मागे घ्यावी म्हणून बहिऱ्यांच्या मंडळातले चारजण घरी येऊन गेले. त्यातले एक म्हातारे गृहस्थ हातांनी म्हणाले, 'गरज सरो, वैद्य मरो, असं करू नका. माझ्या बायकोचं ऑपरेशन आहे. ताई गेल्या तर दवाखान्यात आमच्यासाठी कोण बोलेल?' उत्तर बहिणीने दिले. ती डाव्या हाताने म्हणाली, 'तुमच्यासाठी त्या काय बोलतात, ते तुम्हाला माहीत आहे?' चहा तसाच राहिला.

नवरा आजही बाहेर आहे. हाताच्या बाबतीत त्याच्यावर गुन्हा नोंदवायचा म्हटले, की मागच्या जबाबात बायकोने स्वतःच 'पाय घसरला, नवऱ्याविरुद्ध तक्रार नाही' असे सांगितल्याचे दाखवले जाते. तो जबाब माझ्या बहिणीचा नाही. तो रद्द समजावा आणि तिचा जबाब बाहेरगावच्या दुभाषासमोर, तिचे हात दिसतील असे चित्रीकरण करून, नव्याने घ्यावा, एवढीच माझी मागणी आहे. ताईंना शिक्षा काय द्यावी हे परिषदेने ठरवावे. त्यांनी पुन्हा कोणाच्याही मध्ये उभे राहू नये, असे मला वाटते.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी तो माझ्या कानांनी ऐकला. माझ्याकडून तो बरोबर आहे.

माझी बहीण शेजारी बसली होती. काय लिहिले ते मलाही कळू दे, असे तिने सांगितले. साहेबांनी परवानगी दिल्यावरून मी तो सगळा हातांनी तिला सांगितला. दवाखान्याचा भाग आला तेव्हा तिने माझे मनगट धरून मला थांबवले. एक गोष्ट राहिली आहे, ती लिहा, असे ती म्हणाली. ती गोष्ट मलाही आजच कळली. तिच्या सांगण्यावरून, तिच्याच शब्दांत पुढे लिहिली आहे:

'दार लावायच्या आधी त्याने माझ्या हातांकडे बोट दाखवून, ओठ सावकाश हलवत विचारलं, पोलिसांना कोणत्या हाताने सांगितलंस? मला वाटलं, तो ऐकतोय. मी उजवा हात पुढे केला.'

यात मी पदरचे काही घातलेले नाही, गाळलेले नाही. आता बरोबर आहे, असे ती सांगते. माझी सही खाली आहे. तिची सही डाव्या हाताची आहे, ती तशीच ग्राह्य धरावी.