शिंकेनंतरची चार मिनिटं

— शिंक, दादा! सगळ्यात आधी मला खटकली ती शिंक. गाणारी बाई तान घेतेय, वर वर चढतेय, आणि मध्येच — आऽक्छी! आता इतक्या जुन्या तबकडीत कोण कशाला शिंकेल? आणि शिंकलंच, तर ठेवतील का कोणी ते? नाही ना? मी अशी दचकले की लॅपटॉपच मिटला. मग हळूच उघडला, परत लावलं. शिंक माझी होती. — नाही, नाही, खोकं उचलू नका अजून! देते ना तो परतीचा सहा आकडी नंबर, आलाय मोबाइलवर, पण मोबाइल गुंतलाय, आत्याला लावतेय मी, बारावी वेळ आहे ही. तुम्ही बसा. त्या उशीवर नको — ती उशी म्हणजे बाबा आहेत. सांगते.

हे मशीन तुम्ही परत न्यायला आलात ना, त्यात सगळं आहे. तबकडी, कॅसेट, सीडी, रेडिओ, पेनड्राइव्ह, आणि गायची हौस असेल तर माइकसुद्धा. बाबा आज रिटायर होतायत. चौतीस वर्षं पाणीपुरवठा. पहिल्या पगारापासून जमवलेल्या त्यांच्या तबकड्या, आणि त्या वाजवायचा प्लेअर मी जन्मायच्या आधीच बंद पडलेला — बाबा दर रविवारी नुसती कव्हरं पुसतात आणि परत कपाटात उभी करतात. म्हणून आत्यानं ठरवलं — आत्या म्हणजे त्यांची मोठी बहीण, शाळेत हेडबाई होती, घरात अजून आहे — की निरोपाच्या चहाला हॉलमध्ये हीच गाणी लावायची, बाबांना कळू न देता. आणि पेनड्राइव्हवर उतरवायची कोणी? तर जिला दुसरं काही काम नाही तिनं.

उतरवली की हो मी! बाबा ऑफिसला गेले की रोज. तुम्हाला वाटेल, बटण दाबलं की झालं — छे, गाणं जेवढं लांब तेवढा वेळ राखण करत बसायचं, सुई अडकली तर उचलायला. त्याआधी सगळं पुसायचं. मशीनसुद्धा पुसलं मी, पुढून मागून, आणि तिथेच घात झाला — हे बघा, मागे हे इवलंसं बटण, इकडे तबकडी, तिकडे माइक — फडक्यानं ते सरकलं. मग मशीननं तबकडीतलं गाणं घेतलंच नाही, खोलीतलं घेतलं. गाणं आहे, पण शेजाऱ्यांकडे लागल्यासारखं, आणि समोर मी. ऐकून का नाही बघितलं म्हणता? बघितलं! प्रत्येक गाण्याचे पहिले पाच सेकंद. पहिल्या पाच सेकंदांत मी काही बोलतच नाही.

नंतर बोलते. एकटी असले की मी बोलते हो, सवयच आहे. शिंकेनंतर बरोबर चार मिनिटांनी सुरू होतं. सराव करत होते — त्या उशीला समोर बसवलं आणि म्हटलं, बाबा, मला तुमच्या ऑफिसात नोकरी नाही करायची. सात वेळा म्हटलं. एकदा रडून, एकदा ओरडून, एकदा तर चक्क अर्जाच्या भाषेत, महोदय वगैरे. कारण बाबांनी साहेबांकडे शब्द टाकलाय, सोमवारपासून मी त्यांच्याच टेबलाशी, आणि साहेब आज चहा झाला की सगळ्यांसमोर ते जाहीर करणार! उशीची बाजूही मीच बोललेय, बाबांच्या आवाजात, नाकातून — 'पाणी कोणाला लागत नाही, बाळ?' आवाज फार छान जमलाय, तेच तर वाईट. त्या नाटकात मध्येच आत्या येते, तिलाही मी सोडलेलं नाही. जिथेतिथे नाक खुपसू नकोस म्हणते. हे तिला आजवर कोणी म्हटलेलं नाहीये, तिच्या नवऱ्यानं, काकांनीसुद्धा नाही! आणि मग उशी विचारते, बरं, मग करणार काय तू? — तिथे मी गप्प. अख्खं गाणंभर गप्प. तेवढं एकच गाणं त्यातल्या त्यात स्वच्छ आलंय.

हसा, हसा. — मी का गेले नाही चहाला? हे काय, तुमची वाट बघत होते! मशीन न्यायला आज येणार म्हणालात ना? — हो, उद्या बोलावता आलं असतं. आलं असतं. आणि ते परत करायचं कारण लिहिलंय ना मी, 'आवाज येत नाही' — येतो. उत्तम येतो. काम झालं की परत करायचं असं माझं आधीपासूनच... हे नका हं लिहू कुठे. खरं सांगू, दादा? साहेब जाहीर करतील तेव्हा बाबा वळून माझ्याकडे बघतील, आणि मी मान डोलावीन. मला माहितीय ना मी. उशीपुढे वाघीण, आणि बाबांपुढे उशी. म्हणून नाही गेले.

पेनड्राइव्ह आत्यानं दुपारीच नेला, लॅपटॉपवरचं मी त्यानंतर ऐकलं. आता धावत सुटले तरी तासभर लागेल, हॉल पार त्या टोकाला, आणि चार वाजून गेले. बाबा फोन बंद करून खिशात ठेवतात, बॅटरी वाचते म्हणे. आत्याचा पर्समध्ये, पर्स पिशवीत, पिशवी खुर्चीखाली. — तेरावी वेळ. वाजतोय... वाजतोय... उचलला! हॅलो, आत्या, तो पेनड्राइव्ह लावू नकोस, काढून टाक, गिळ वाटल्यास, पण — कोण? बाबा? तुम्ही? ... आत्या कुठेय? ... गाणं लावायला गेली? ... हो, येतंय ऐकू. ... हो बाबा, तुमचीच तबकडी. ... बाबा, रडताय का तुम्ही? ... थांबा. आत्ता मागे कोण शिंकलं?

बाबा, फोन ठेवू नका, मला काहीतरी सांगायचंय. — दादा, खोकं राहू द्या, तुम्ही जा. माझ्याकडे चार मिनिटं आहेत.