कोरडा प्लग

(पाणी गोठवणाऱ्या थंडीतली सकाळ. पत्र्याच्या शेडमध्ये चार दिवस बंद पडलेला जुना पेट्रोलचा ट्रॅक्टर. सासरे, सून आणि मिस्त्री.)

सून : मग माझ्यासमोर सांगा ना, मिस्त्री. बाबांना बाजूला घेऊन काय कुजबुजता?

मिस्त्री : रागावू नका वहिनी. चोक जास्त ओढला की पेट्रोल जास्त होतं, इंजिन गुदमरतं. बायकांचा हात पडला की असं व्हायचंच. एवढंच म्हणालो.

सासरे : म्हणूनच सांगतो सूनबाई, तू हात लावत जाऊ नकोस. थंडी सरली की होईल चालू.

सून : थंडी सरायला दोन महिने आहेत. म्हशी तोवर हवा खातील का? चार दिवस खालच्या गोठ्यापर्यंत चाऱ्याचे भारे डोक्यावरून मी वाहतेय. तेव्हा बरे चालतात माझे हात. मिस्त्री, तो पाना द्या.

मिस्त्री : कशाला?

सून : प्लग काढते. पेट्रोल जास्त झालं असेल तर तो ओला निघेल. बरोबर?

मिस्त्री : बरोबर.

सून : हा घ्या. बोट लावून बघा.

मिस्त्री : हं... कोरडा आहे.

सून : मोठ्यानं सांगा. बाबांना कमी ऐकू येतं.

सासरे : ऐकू येतं मला.

मिस्त्री : कोरडा आहे, काका. मग ठिणगीच नसेल. बॅटरी थंडीत मान टाकते.

सून : बॅटरी रात्रभर स्वयंपाकघरात होती, मघाशी जोडली. हा प्लग तारेला लावून इंजिनाच्या लोखंडावर टेकवलाय. बाबा, हँडल फिरवा. मिस्त्री, तुम्ही बघा.

मिस्त्री : आहे. निळी आहे चांगली.

सून : म्हणजे ठिणगी आहे, पेट्रोल पोचत नाही. टाकी तर अर्धी भरलेली. ही टाकीखालची काचेची वाटी बघा.

मिस्त्री : काच धुरकटलीय नुसती.

सून : आत बर्फ आहे तो. पेट्रोल या थंडीत गोठत नाही, पाणी गोठतं.

मिस्त्री : मग त्यात काय, स्टोव्ह आणतो, शेकू जरा.

सून : पेट्रोलच्या टाकीखाली स्टोव्ह? आणि हात वाईट माझा? टाकीचा कॉक बंद करा. वाटी काढून कोमट पाण्यात घाला, नळीला गरम फडकं गुंडाळा.

सासरे : पण टाकीत पाणी आलं कुठून?

सून : ते यांनाच विचारा.

सासरे : काय हो मिस्त्री?

मिस्त्री : टाकीचं झाकण मी नेलं... दुसऱ्या एका ट्रॅक्टरचं काम अडलं होतं, काका. दोन दिवसांत परत आणणार होतो.

सून : दोन महिने झाले. टाकीच्या तोंडाला गोणपाट बांधून गेले हे, आणि परतीच्या पावसात पत्रा नेमका तिथेच गळला. करून सवरून नामानिराळे, खापर माझ्या डोक्यावर.

सासरे : मग तू मला आधीच का नाही सांगितलंस?

सून : सांगितलं होतं, नेलं त्याच दिवशी. तुम्ही म्हणालात, त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

मिस्त्री : नळी मोकळी झाली, वहिनी. टाकीच्या तळाचं पाणीही काढलंय. वाटी बसवली, प्लगही.

सून : चोक पूर्ण ओढलाय. बाबा, दोनदा फिरवा. बास. आता चोक अर्धा. द्या झटका.

सासरे : अजून नाही... थांब, धरलं. धरलं गं.

सून : तापू दे जरा. मिस्त्री, झाकण आजच्या आज पाहिजे. आणि माझ्या हाताचं जिथे जिथे सांगितलंत, तिथे कोरड्या प्लगचंही सांगा.

मिस्त्री : आणतो, वहिनी.

सासरे : आणतो नाही, निघा आता. आणि पुन्हा काही बिघडलं तर मला बाजूला घेऊ नका, तिला सांगा.

सून : चारा भरायचाय, बाबा. ट्रॉली जोडायला हवी.

सासरे : तू चढ वर. मागे घे सावकाश. मी खाली राहून पिन घालतो.